दूध बाधतं, पण ताक पचतं. असं का?

मंडळी, वर्षभर रोज अकराच्या सुमारास पोट डब्ब व्हायचं. सासूबाईंनी आधी वाटाणा बंद केला, मग वांगं, मग बिचारी तूरडाळ. फरक शून्य. मध्यंतरी दूधवाला गावी गेला, पंधरा दिवस कोरा चहा प्यायले, तर पोट एकदम गप्प! कोजागिरीला पेलाभर मसाला दूध घेतलं नि रात्र जागून काढली, चंद्रासाठी नव्हे. पण ताक-भात मजेत पचतो. हे काय गौडबंगाल?

उत्तर १
लॅक्टोज असावं, म्हणजे दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लहान आतड्यात कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू तिचा गॅस करतात. २०० मिली दुधात ती साधारण १० ग्रॅम असते. विरजणातले जिवाणू त्यातली थोडी आधीच फस्त करतात, शिवाय ताकात निम्म्याहून जास्त पाणीच. तुपात तर जवळपास नसतेच.

उत्तर २
दूध ठीक, पण गव्हाचा संशय आला तर परस्पर पोळी सोडू नका. मी भाकरीवर आले, बरं वाटलं, मग डॉक्टरांनी, गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी सांगितली. गहू बंद असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पुन्हा काही आठवडे पोळ्या खात बसले!

मूळ प्रश्नकर्ती
सासूबाईंना वाचून दाखवलं. "म्हणजे माझी डाळ निर्दोष," म्हणाल्या. उद्यापासून वरण सुरू. चहात दूध चमच्याने मोजून घालतेय, दोन चमच्यांपर्यंत पोट गप्प आहे.