मे महिन्यात पाहिलेला सडा आणि जनसुनावणी: काय मांडावं?

सड्यावरचा:
आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण यायची आहे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा गोषवारा मराठीत आहे, पण मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत. भाच्याला बसवून वाचून घेतला. लिहिलंय, ‘खडकाळ पडीक जमीन, तुरळक सुकं गवत.’ पाहणी मार्च ते मे. अहो, मे महिन्यात आमच्या कातळावर दुसरं काय दिसणार? श्रावणात या म्हणावं. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, पाय ठेवायला जागा नसते. सड्यात मुरलेल्या पाण्यावरच खालच्या वाडीच्या विहिरी चालतात. पाहणी चुकीच्या दिवसांत केली म्हणून अहवाल रद्द होतो का?

दप्तरी:
नाही होत. दुखणं तिथंच आहे. खाणींच्या अभ्यासासाठी केंद्राची जी ठरलेली कार्यकक्षा (अभ्यासात काय काय पाहायचं ते) आहे, तीच पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती मागते. म्हणजे तुमचा अहवाल नियमात बसतो! कोकणासाठी नियमच उलटा आहे.

तरी लेखी मागा: ‘एक पावसाळा पाहून मग ठरवा.’ पर्यावरण मंजुरीसाठी प्रकल्प तपासणारी तज्ज्ञ समिती जादा अभ्यास सांगू शकते. आणि बहिष्कार घालू नका. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेत गणसंख्येची अट नाही, तुम्ही उठून गेलात तरी सुनावणी झालीच म्हणतात. शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून वाचून दाखवावं लागतं. तेव्हा जागेवर बसा आणि आपला मुद्दा त्यात आलाय का ऐका. नोटिशीचे ३० दिवस पुरेपूर वापरा. नव्या अधिसूचनेच्या २०२०च्या मसुद्यात ते २० करायचं घाटत होतं.

पूर्वाश्रमीचा सल्लागार:
मी असे अहवाल लिहिलेत. आमच्याकडे शेवटचा हप्ता मंजुरी आल्यावरच मिळायचा. मग लिहिणाऱ्याची लेखणी कुठे वळणार? प्रकल्पवाल्याने पैसे सरकारी निधीत भरावेत आणि सल्लागार सरकारने नेमावा, एवढा बदल केला तरी निम्मी भानगड मिटेल, असं माझं मत.

‘विकास रखडतो’ म्हणणाऱ्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उदाहरण द्या. अर्जात आसपासच्या वनांची माहिती नीट दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली, ती जानेवारी २०२० पर्यंत. दहाएक महिने गेले की! त्यापेक्षा पावसाळा चारच महिन्यांचा.

सड्यावरचा:
हे पटलं. आमच्या गुराख्याच्या मोबाइलमध्ये गेल्या श्रावणातले फोटो आहेत. गुरं, फुलं, वाहणारे झरे, सगळं. ते चालतील का? बेडकांचेही आहेत, त्याला भारी हौस.

दप्तरी:
बेडूक आधी लावा. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा लिहून छापा. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या. पोचेशिवाय उठू नका.