खानापूरच्या घरी नंबर आपोआप फिरतोय

नमस्कार मंडळी,
सुट्टीवर खानापूरला आलोय, हे बेळगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय. घरचं इंटरनेट फोनच्या लाइनवरून मोडेमनं नंबर फिरवून जोडायचं आहे, ते दोन-चार मिनिटांत तुटतं आणि कॉम्प्युटर आपला आपण परत नंबर फिरवतो. परवा सगळे झोपल्यावरही मोडेमची किरकिर ऐकू आली. बिल फुगलंय, बाबा काळजीत आहेत. विंडोज एक्सपी आहे. रिडायलचे (परत नंबर फिरवण्याचे) प्रयत्न १० वरून ५० केले, फरक नाही. रविवारी मी मस्कतला परत. आईला नातवंडांचे फोटो बघायचेत हो, त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

-----

भाऊ, आधी ते ५० खाली आणा. नंबर एंगेज लागला तर पैसे पडत नाहीत, पण जोडून तुटला की प्रत्येक वेळी नवा कॉल आणि नवा पल्स (बिलाचं एकक). बिल त्यानंच वाढतं.

रात्रीचं फिरणं थांबवायला इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स टॅबवर 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा. मग कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्स उघडा, 'रिडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड'ची टिक काढा, अटेम्प्ट्स ३ ठेवा. तिथंच जनरलमध्ये नंबर नीट वाचा. तो ०० ने सुरू होत असेल तर कुठल्यातरी डायलर प्रोग्रामनं (गुपचूप महागडे नंबर लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं) बदललाय, परदेशी कॉल लागतोय! तसं असेल तर आजच फोनला आयएसडी लॉक (परदेशी कॉल बंद करणारं कुलूप) घाला.

आता मूळ दुखणं, लाइन. आमच्या निपाणीच्या घरी हेच भोगलंय म्हणून सांगते. फोन उचलून एक आकडा दाबा, डायल टोन थांबेल, मग कान देऊन ऐका. खरखर आली तर मोडेमचा दोष नाही. पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन) काढून परत ऐका. तुमच्याकडचा पाऊस जबर, तारेच्या जोडात पाणी शिरतं आणि तांब्याला हिरवं चढतं. खरखर घराबाहेरची असेल तर लाइनमनला बोलवा आणि त्याला स्वतः ऐकवा, तोंडी तक्रारीवर समजत नाही.

तोवर मोडेमच्या ॲडव्हान्स्डमध्ये जादा कमांडच्या चौकटीत रोमन लिपीत एस१०=५० लिहा. बहुतेक मोडेम कॅरिअर (समोरच्या मोडेमचा सिग्नल) १.४ सेकंद गेला की फोन ठेवतात, यानं ५ सेकंद थांबतात. दुरुस्ती नव्हे ही, तात्पुरता आधार.

-----

ताई, नंबर जसाच्या तसा होता, देवाची कृपा. माजघरातला पॅरलल फोन काढला, खरखर तशीच. काल लाइनमन आला, त्याला ऐकवलं. वळचणीखालचा जोड उघडला तर आत हिरवागार. तार कापून नवा जोड दिला, वर टेप गुंडाळली. रात्री सलग ४० मिनिटं जोडलेलं राहिलं, तेही एस१० न घालता. बाबांना हातानं नंबर लावायला शिकवलंय, पायऱ्या कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवल्यात.

आईनं फोटो पाहिले. धाकटीचा उतरायला सहा मिनिटं लागली, ती खुर्चीवरून हलली नाही.