ठमीचे केस आणि रविवारचं लग्न

शुक्रवार, रात्री ८.४०

ओवीची आई, ए-४०३: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, आधीच माफी मागते. ओवीच्या बाहुलीच्या, ठमीच्या केसांचा पार सुंभ झालाय, फोटो टाकलाय. चार वर्षं तिला केसांना धरूनच घरभर फिरवते. रविवारी ठमीचं लग्न आहे, सी-६०२ च्या अर्णवच्या बाहुल्याशी. काही करता येईल का? नवीन बाहुली आणा असं कृपया सांगू नका. ते बोलून झालंय आणि त्यावर तासभर रडूनही झालंय.

अर्णवचे बाबा, सी-६०२: वरपक्षाची काही अट नाही. नवरी आहे तशी पसंत आहे.

काकू, बी-१०२: सरळ बॉयकट करून टाक गं. आमची ठकी लाकडाची होती, केस रंगवलेले. गुंता म्हणून नाही.

ओवीची आई: काकू, तेच म्हटलं, तर ओवी म्हणते चालेल, जावळ काढलं की छान दाट येतात. आता हिला काय सांगू?

ए-३०१: स्ट्रेटनर फिरवा ना. दोन मिनिटांचं काम.

पार्लरवाली ताई, सी-२०१: अज्जिबात नको!! माझ्या भाचीच्या बाहुलीची बट प्लेटला चिकटून राहिली होती. बाहुली गेली ती गेलीच, वर मशिन खरवडत बसले.

सचिव: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. उद्या १० ते ४ पाणी बंद, टाकी साफ करायची आहे.

ओवीची आई: हो दादा. म्हणजे ठमीची अंघोळ दहाच्या आत.

काका, डी-५०४: फोटो बघितला. केसांना तेल लावता का?

ओवीची आई: सासूबाई लावतात. दर रविवारी ओवीबरोबर ठमीलाही. खोबरेल.

काका, डी-५०४: तरीच. आपल्या केसात खोबरेल मुरतं. या धाग्यात मुरत नाही, वर बसून राहतं आणि धूळ धरतं. त्यात थंडीत थिजतं. निम्मा गुंता हा गुंता नसून लगदा आहे.

मी ३१ वर्षं सिंथेटिक धाग्याच्या कारखान्यात काढली, म्हणून विचारतो, केस कशाचे आहेत ते माहीत आहे का? बाहुलीचे केस म्हणजे एकच वस्तू नव्हे. १९५९ ची पहिली बार्बी आली तिचे केस सारान नावाच्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे होते. नायलॉन असतं. स्वस्तातल्या बाहुल्यांना बहुतेक पॉलिप्रॉपिलीन, आपल्या सिमेंटच्या पोत्यांची जात. काही विगांचा धागा गरम पाण्यानेही आखडतो. त्यामुळे कशालाही हात लावायच्या आधी मागून, दिसणार नाही असा एकच केस कापा. वाटीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर कुठलाही केस पाण्याच्या सायीवर तरंगल्यासारखा राहतो आणि फसायला होतं. केस बोटाने पाण्याखाली दाबा नि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, ते पाण्याहून हलकं. नायलॉन नि सारान दोन्ही तळाला जातात.

ए-३०१: काका, केमिस्ट्रीचा तास.

काका, डी-५०४: फी नाही.

ओवीची आई (९.२५): वर आला. तीनदा बुडवला, तिन्ही वेळा वर आला. ओवी म्हणते ठमीला पोहता येतं.

काका, डी-५०४: मग स्ट्रेटनर विसराच. हे साधारण १६० अंशांना वितळतं आणि तुमची ती इस्त्री १८०-२०० ला चालते. उकळतं पाणी मात्र १०० च्या वर जात नाही, त्याने वितळणार नाही. गिफ्टची रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढली की कशी कुरळी होते, तसंच या केसांचं घासून घासून झालंय. गरम पाण्याने धागा सैलावतो, सरळ धरून गार केला की बराचसा तसा राहतो. नव्यासारखी झळाळी येणार नाही, ते आत्ताच सांगतो.

पार्लरवाली ताई, सी-२०१: पण आधी गुंता सुटलाच पाहिजे हं, नाहीतर गरम पाण्यात गुंताच पक्का व्हायचा. आधी कोमट पाणी नि भांड्यांचा साबण, तेल निघेपर्यंत, दोनदा तरी. मग मगभर पाण्यात दोन चमचे कपड्यांचं कंडिशनर, कम्फर्ट वगैरे, अर्धा तास. तो बुळबुळीतपणा पूर्ण धुऊ नको, त्यावरच कंगवा सरकतो. स्टीलचा कंगवा घे, प्लॅस्टिकने केस उभे राहतात. आणि टोकाकडून वर ये. सगळ्या आया मुळापासून ओढतात, मुलींचे पण.

काकू, बी-१०२: हे मात्र खरं.

पार्लरवाली ताई: दुसऱ्या हाताने डोक्याजवळ मूठ गच्च धर, ओढ मुठीवर येऊ दे. हे केस भोकाभोकांतून मशिनने टाचलेले असतात, एक झुपका सुटला की संपलं. जिथे गाठच झालीय तिथे बोथट दाभण.

काका, डी-५०४: डोळे उघडझाप करणारे आहेत का? आणि पोटात गाणं?

ओवीची आई: डोळे मिटतात. गाणं दुसऱ्या वाढदिवसालाच बंद पडलं.

काका, डी-५०४: तरी सेल काढून ठेवा. चेहरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, डोकं खाली लोंबतं ठेवून धुवा. डोळ्यांच्या मागे पाणी गेलं तर आतलं लोखंड गंजतं.

शनिवार, दुपारी १.१०

ओवीची आई: अहवाल देते. सकाळी सात ते पावणेदहा. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा होता. गुंत्यात काय काय निघालं: राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा, एक टिकली, आणि माझं हरवलेलं कानातल्याचं मळसूत्र!! कामवाल्या मावशींना उगाच दोनदा विचारलं होतं मी. आता त्यांना काय तोंड दाखवू.

मानेच्या मागची एक गाठ काही केल्या सुटेना, ती शेवटी कापली. तिथे बोटभर टक्कल दिसतंय. मग ओवीला खोलीबाहेर पाठवून किटलीतलं पाणी ओतलं, विंचरलं, सासऱ्यांच्या जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून ती नळी केसांवर चढवली नि गार पाण्याचा मग. आता पंख्याखाली उलटी टांगलीय. चार वर्षांनी कळलं, हिला भांग आहे.

पार्लरवाली ताई: टकलावर आंबाडा घाल. चारच्या पुढे घेऊन ये, मी घालते. पैसे नको, जेवणाला बोलाव.

अर्णवचे बाबा: वरपक्षाला टक्कल चालेल. आमच्या मुलाचे केस रंगवलेलेच आहेत.

ओवीची आई (रात्री ९.५०): आंबाडा सुंदर झाला. पण ओवीने ठमीला हुंगलं आणि म्हणाली, ही ठमी नाही. वास नाही येत. झोपेना. शेवटी सासूबाईंनी ठमीच्या तळपायाला बोटभर खोबरेल लावलं. काका, पायाला चालतं ना?

काका, डी-५०४: पायाला चालतं. केसांच्या जवळ नको.

काकू, बी-१०२: अबोलीचा गजरा मी आणते.

सचिव: लग्न पार्किंगमध्ये असल्यास ११ च्या आत आटोपावे, टँकर येणार आहे. अक्षता दोन्ही पक्षांनी मिळून झाडाव्यात.