झोपलेल्या लोरा नोडची बॅटरी दोन महिन्यांत का संपते?

प्रश्न: माझा नोड (लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने संदेश पाठवणारं सेन्सरचं छोटं यंत्र) दर १५ मिनिटांनी एक रीडिंग पाठवतो, बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे जवळजवळ बंद. २४०० एमएएचचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल दोन महिन्यांतच संपतो. ट्रान्समिट पॉवर कमी करू का?

उत्तर १: त्याने फार काही साधणार नाही. एसएफ १२ वर, म्हणजे लोराच्या सर्वांत संथ सेटिंगवर, २० बाइटचा संदेश साधारण १.३ सेकंद हवेत असतो. ४० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जेमतेम दीड एमएएच. तुमचे रोज ४० एमएएच जातायत! आधी बोर्डवरचा पॉवर एलईडी आणि यूएसबी-सिरियल चिप तपासा. बॅटरीचं व्होल्टेज मोजणारा डिव्हायडर (दोन रेझिस्टरची जोडी) १०-१० किलोओहमचा असेल तर तोच सतत १८० मायक्रोअँपिअर खातो, मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा.

उत्तर २: स्लीप करंट मोजताना मीटर थेट मायक्रोअँपिअर रेंजवर ठेवू नका. बूट होताना मीटरवरच व्होल्टेज पडतं, नोड रिसेट होत राहतो. मीटरच्या दोन टोकांवर जंपर (जोडणारी छोटी तार) लावून बूट करा, नोड झोपला की जंपर काढा.

आणि हा सेल बराच काळ पडून राहिला की आत थर धरतो. मग ट्रान्समिटच्या झटक्याला व्होल्टेज कोसळतं, सेल भरलेला असूनही. कमी गळतीचा कपॅसिटर समांतर लावाच.