थर्मोकोल लावलेल्या भिंतीवर दारावरची छपरी कशी पक्की करायची?

कापूसपट्टा (दिग्रस तालुका):
दार पश्चिमेला आहे. भिंत तापते म्हणून बाहेरून 50 मिमी थर्मोकोल, त्यावर जाळी आणि पातळ प्लास्टर केलेले आहे. आत नऊ इंची विटांची भिंत. छपरी 5 फूट रुंद, 3 फूट पुढे हवी. वेल्डर म्हणतो, चार लांब फास्टनर ठोकले की झाले. चालेल का? आणि वर पत्रा घ्यावा की पॉलिकार्बोनेट?

लोखंडकाम:
नाही चालणार, भाऊ. नट आवळला की थर्मोकोल दबते, ब्रॅकेट आत जाते, प्लास्टरला गोल तडा पडतो आणि पहिल्याच झडीत पाणी आत मुरते.

आरपार बोल्ट टाका. 12 मिमीचा आटेवाला रॉड मीटरच्या लांबीत मिळतो. एकातून 375 मिमीचे दोन तुकडे निघतात, म्हणजे चार बोल्टला दोन रॉड पुरतात. बाहेरून 22 मिमीचे भोक फक्त विटेपर्यंत, पुढे 14 मिमीचे आरपार. भोक विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात नको. ड्रिल धरण्याआधी आतल्या बाजूने वायरिंगचा पाइप कुठून गेला ते बघा.

मोठ्या भोकात अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा घाला. त्याचे एक तोंड विटेला टेकले पाहिजे, दुसरे प्लास्टरच्या बरोबरीला. प्रत्येक भोकाची खोली वेगळी मोजून तुकडा कापा. चिकटवायचा मसाला सगळीकडे सारखा नसतो, चार-पाच मिमी सहज फरक पडते. आता आवळाल तेव्हा जोर पाइपवर आणि विटेवर जाईल. घराच्या आतून 100×100×6 मिमीची प्लेट, वायसर, दोन नट.

वादळवारा:
वजनापेक्षा वाऱ्याची काळजी करा. आयएस 875 मध्ये (इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक) नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्या हिशेबाने दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो येतो. तुमची छपरी 1.4 चौरस मीटर, म्हणजे खालून उचलणारा जोर 165 किलोच्या घरात. वरून नुसत्या साखळीने टांगलेली छपरी वावटळीत वर उडते, कारण साखळी फक्त ओढून धरते, दाबून धरत नाही. खालून 40×40×5 च्या अँगलचा तिरपा टेका द्या, दोन्ही टोकांना वेल्ड पक्का करून.

कापूसपट्टा:
भिंतीला हात न लावता समोर दोन खांब उभे केले तर?

लोखंडकाम:
जमीन काळी असेल तर जपून. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचा खांब वर-खाली होतो आणि भिंतीजवळचा सांधा उघडतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल.

छतछप्पर:
पश्चिमेच्या उन्हाला पत्राच बरा, पांढरा रंगवलेला. उजेड हवाच असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या, पण यूव्हीची (अतिनील किरण अडवणाऱ्या थराची) बाजू वर ठेवा (फिल्मवर छापलेले असते, फिल्म काढण्याआधी पेनाने खूण करा). शीट उन्हाने वाढते: दीड मीटरला 40 अंशांच्या फरकाने जवळपास 4 मिमी. म्हणून भोक स्क्रूपेक्षा 4 मिमी मोठे आणि रबर वायसर. घट्ट आवळले की भोकापासूनच तडकते. उतार 3 फुटांना निदान 4 इंच.

छपरी भिंतीला मिळते त्या वरच्या कडेला पाणी अडवणारी पट्टी बसवताना प्लास्टरमध्ये खाच मारू नका, जाळी कापली जाते. पट्टी वरून चिकटवून न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका, त्याने पॉलिकार्बोनेट तडकते आणि जीआयला गंज धरतो. बोल्टच्या पाइपभोवतीही तेच भरा, ब्रॅकेट बसवण्याआधी.