सोमवारचा अटॅक: ऑफिसचा ताप की रविवारचा प्रताप?

घोडबंदरकर
आयर्लंडमध्ये २०१३ ते २०१८ या काळातल्या १०,५२८ रुग्णांचा अभ्यास झाला. सगळे मोठ्या अटॅकचे, म्हणजे हृदयाची मोठी रक्तवाहिनी पार बंद झालेले. २०२३ मध्ये मँचेस्टरच्या परिषदेत आकडे मांडले गेले: सोमवारी अपेक्षेपेक्षा १३ टक्के जास्त. माझ्या मते हा निव्वळ नोकरीचा ताप आहे. रविवारी जेवणं झाली की पोटात गोळा येतो, सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर रेटारेटी आणि दहाला साहेबांसमोर हजेरी. सोमवारी सकाळच्या मीटिंगा कायद्यानेच बंद करा.

ऐरोलीची काकू
त्याच अभ्यासात रविवारचा आकडाही चढा होता, ते बरं गाळलंत! रविवारी कुठला साहेब घरी येतो? शनिवारी रात्री ‘बसायचं’, दोनला झोपायचं, रविवारी मटण चापून संध्याकाळपर्यंत घोरायचं. मग रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी साडेपाचला गजर. खापर मात्र ऑफिसवर.

घोडबंदरकर
काकू, जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा १९९४चा अभ्यास बघा. नोकरी करणाऱ्यांत सोमवारी धोका ३३ टक्के जास्त. नोकरी नसलेल्यांत असा चढ दिसलाच नाही. खाणंपिणं, जागरण काय फक्त नोकरदारच करतात?

नेरुळ जीपी
दोघांनाही एक प्रश्न. वार ठरवता कशावरून? एक गृहस्थ सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसले होते. घामाने शर्ट ओला, हात जबड्यावर. रविवारी संध्याकाळपासून दुखत होतं, ‘गॅस असेल’ म्हणून दोनदा इनो घेतलं. ईसीजी काढला तर सरळसरळ अटॅक. तो दाखल झाला सोमवारी. दुखणं अंगावर काढायची खोड मोजली तर तुमच्या सोमवारातले किती रविवारात जातील? एकशेआठला फोन करायला दवाखान्याची वेळ बघावी लागत नाही, हे लोकांना कितीही सांगा.

घोडबंदरकर
अंगावर तर रिटायर्ड माणसंही काढतात, डॉक्टर. मग त्यांचा सोमवार का चढत नाही?

नेरुळ जीपी
रिटायर्ड माणसाच्या शेजारी कोणीतरी डोळे वटारून बसलेलं असतं! बरं, गंमत सोडा. झोपेचं वेळापत्रक बिघडणं हे कारण मला जास्त पटतं. स्वीडनमध्ये वसंतात सरकारी नियमाने सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणजे तासाभराची झोप जाते; त्यानंतर आठवडाभर अटॅक सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. आपल्याकडे घड्याळ सरकारने हलवायची गरज नाही, दर शनिवारी आपणच हलवतो. शिवाय कुठलाही वार असो, सकाळी सहा ते बारा हा काळ तसाही वाईट. उठल्यावर रक्तदाब आणि कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन चढतात, रक्तातल्या प्लेटलेट्स लवकर चिकटतात. अपुऱ्या झोपेत गजर लावून उठलात की त्यात भर.

ऐरोलीची काकू
म्हणजे माझंच खरं. लिहून ठेवा.

वागळे फिटर
मंडळी, आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. आमचा ‘सोमवार’ येतो शनिवारी. वाद मिटवायचा तर शुक्रवार सुट्टीवाल्यांचे अटॅक मोजा. शनिवारी चढले तर दोष वाराचा नाही, सुट्टीनंतर कामाला जुंपण्याचा. तेव्हाही सोमवारीच चढले तर घोडबंदरकरांची मीटिंग निर्दोष सुटली.

घोडबंदरकर
कल्पना झकास. पण शनिवारी चढले तर माझाच मुद्दा सिद्ध होतो ना?

ऐरोलीची काकू
कसा काय? शुक्रवारी सुट्टी म्हणजे गुरुवारी रात्री ‘बसणार’, शुक्रवारी दुपारी घोरणार. जागरणही दोन दिवस अलीकडे सरकलं की हो!

वागळे फिटर
काकू, आमच्यातले निम्मे शुक्रवारी ओव्हरटाइमला येतात आणि उरलेल्यांची नाइट शिफ्ट गुरुवारी रात्रीच असते. ‘बसायला’ वेळ काढायचा कुठून? आणि घोडबंदरकर, सोमवारची मीटिंग बंद झाली तर साहेब ती रविवारी रात्री ऑनलाइन घेतील. मग काय करणार?