मदत हवी आहे: थंडीत कुंडीतलं जांभळं गवत वाळतंय. कापू, हलवू की असंच ठेवू?

चहापोळी

नमस्कार मंडळी,

राहते घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जवळ, अकराव्या मजल्यावर. मे महिन्यात रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून फाउंटन ग्रासच्या दोन कुंड्या आणल्या. नर्सरीवाले त्याला नुसतं 'पर्पल ग्रास' म्हणतात. लांब, वाकलेली गर्द जांभळी पाती आणि वर मांजराच्या शेपटीसारखे तुरे. पावसाळाभर असं झकास वाढलं की समोरच्या विंगमधल्या काकू हाक मारून नाव विचारायच्या. गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना याच कुंड्या होत्या.

दिवाळीपासून मात्र काहीतरी बिनसलंय. तुरे भुरकट होऊन झडले. नवीन पाती येतात ती जांभळी नसतातच, मळकट हिरवी आणि किरकोळ. खालची पाती पेंढ्याच्या रंगाची झालीत, बुंध्यात हात घातला की मूठभर वाळकं हातात येतं. एका कुंडीची अवस्था दुसरीपेक्षा वाईट आहे.

कुंड्या १२ इंची, प्लास्टिकच्या. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत. पाणी रोज सकाळी एकेक मग. खालच्या मजल्यावर ठिबकतं म्हणून खाली बशा आहेत. बाल्कनी उत्तरेची, खाडीकडच्या बाजूची. तिथेच मोंडो ग्रास आणि स्पायडर प्लांट मजेत आहेत, त्यामुळे जागेत काही खोट असेल असं वाटत नाही.

यूट्यूबवर पाहिलं तर सगळे एकच सांगतात: थंडी पडण्याआधी वीतभर ठेवून कापा, गॅरेजमध्ये अंधारात ठेवा, महिन्यातून एकदा पाणी द्या. गॅरेज कुठून आणू? इथे गाडीलाच पार्किंग मिळत नाही. एकजण तर कुंडीला बबलरॅप गुंडाळायला सांगतोय. न्यूजर्सीची नणंद म्हणते, आम्ही दर हिवाळ्यात फेकून देतो आणि उन्हाळ्यात नवीन आणतो. ते जिवावर येतं.

आमच्याकडे अजून रात्री पंखा दोनवर चालू असतो. एवढ्याशा थंडीने हे होईल का? आणि आता कापायचं, आत घ्यायचं की खत घालायचं?

गच्चीवरची

बिनधास्त कापा हो. नेरुळला आमच्या गच्चीत हेच गवत आहे. मी डिसेंबरात वीतभर ठेवून छाटते, जानेवारी संपेपर्यंत पुन्हा झुडूप होतं. वाळकं ठेवून उगाच कुंडी भकास दिसते.

काळी माती

चहापोळी ताई, कात्री जरा बाजूला ठेवा. नेरुळच्या ताईंच्या गच्चीत दिवसभर ऊन आहे, तुमची बाल्कनी उत्तरेची. दोन्हीकडे एकच उपाय चालेल असं नाही.

आधी एवढं बघून सांगा. दोन्ही कुंड्यांतली एकेक जाड काडी मातीपासून दोन बोटांवर कापा, आत काय रंग आहे? बशीत पाणी साचून राहतं का? मातीला वास येतो का? एसीचं बाहेरचं युनिट कुंड्यांवर गरम हवा फेकतं का? आणि घरात दक्षिणेला एखादी खिडकी आहे का?

चहापोळी

पाहिलं. बऱ्या कुंडीतली काडी आतून फिकट हिरवी आणि ओली आहे. दुसरीतल्या निम्म्या काड्या पोकळ, तपकिरी. ओढल्या की मुळाशिवाय उपसून येतात. बशीत पाणी असतं बहुतेक वेळा. वाईट कुंडीला मोरीसारखा वास येतोय, आधी मला वाटलं खालून येतोय. एसीचं युनिट दुसऱ्या बाजूला आहे. दक्षिणेला बेडरूमची खिडकी आहे, येऊरच्या डोंगराकडे, बाहेर बॉक्स ग्रिल. तिथे कपडे वाळतात.

काळी माती

मग चित्र बरंच स्पष्ट आहे. सविस्तर लिहितो.

हे गवत पेनिसेटम प्रजातीतलं, म्हणजे आपल्या बाजरीच्या जवळच्या नात्यातलं. तुऱ्याकडे नीट बघा, कणसाची ठेवण दिसेल. बाजरी, ज्वारी, मका, ऊस ही सगळी तळपत्या उन्हात आणि उष्णतेत जोमाने वाढणारी पिकं आहेत. बाजरी कोणी सावलीत पेरतं का? याचंही तसंच. फरक एवढाच की बाजरी एका हंगामात संपते आणि हे वर्षानुवर्षं टिकतं.

आता थंडीचं. बर्फ पडतो, कुंडीतली माती गोठते, तिथे या जातीची मुळं मरतात. गॅरेज, बबलरॅप आणि नणंदबाईंचं फेकून देणं हे सगळं त्यासाठी. ठाण्यात रात्री पारा १५-१६ पर्यंत उतरला तरी दुपारी तिशीच्या घरात असतो. त्याने वाढ मंदावेल, झाड मरणार नाही. अंधारात ठेवायची तर अजिबात गरज नाही, उलट तुमच्या गवताला आत्ताच अंधार झालाय.

ठाण्याचा अक्षांश साधारण १९.२. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो, म्हणून तेव्हा उत्तरेच्या बाल्कनीतही ऊन येतं. तुम्ही कुंड्या आणल्यात मे महिन्यात, म्हणजे नेमक्या तेव्हाच. २२-२३ सप्टेंबरनंतर, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, सूर्य पूर्ण दक्षिणेकडे सरकतो आणि उत्तरेच्या भिंतीवर थेट किरण पडतच नाही. संक्रांतीला उत्तरायण सुरू झालं असं आपण म्हणतो खरं, पण तुमच्या बाल्कनीत ऊन यायला पाडवा उजाडणार. शिवाय दिवसही आखूड: जूनमध्ये तेरा तासांहून मोठा, आत्ता जेमतेम अकरा तासांचा.

नवी पाती हिरवी येतायत ती यामुळेच. उन्हाशिवाय या गवतावर जांभळा रंग चढत नाही. मोंडो आणि स्पायडर प्लांट खुशीत आहेत, कारण ती दोन्ही मुळात गवतं नाहीतच. शतावरीच्या कुळातली आहेत, सावली त्यांना चालते. त्यांच्यावरून जागेचा अंदाज काढू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऊन गेलं, वाढ मंदावली, म्हणजे पाण्याची गरजही उतरली. पण रोजचा एक मग पाणी तसंच चालू राहिलं आणि बशीत पाणी साचत गेलं. वाईट कुंडीचा वास कुजलेल्या मुळांचा आहे.

बरी कुंडी दक्षिणेच्या खिडकीत न्या. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर येतं. पण एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवू नका, सावलीतली पाती भाजतात. पहिला आठवडा सकाळचं ऊन, मग पूर्ण. पाणी बोट दोन पेरं आत घालून, कोरडं लागलं तरच. द्याल तेव्हा भोकातून वाहेपर्यंत द्या आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. डासांसाठीही ते बरंच.

वाईट कुंडी उलटी करून गड्डा बाहेर काढा. काळी, लिबलिबीत मुळं कापून टाका. पांढरट, कडक मुळं असलेले फुटवे सापडले तर तेवढेच लहान कुंडीत लावा, ८ इंची पुरे. मोठ्या कुंडीत माती जास्त काळ ओली राहते. मातीत जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) घाला, कोकोपीट कमी करा. या जांभळ्या जातीचं बी सहसा रुजत नाही, त्यामुळे वंश चालवायचा तर फुटव्यांवरच भिस्त.

कापणीचं: वाळकी पाती बोटांनी विंचरून काढा, आत्ता तेवढंच. पूर्ण छाटणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, ऊन तापायला लागलं की. जोम नसताना मुंडन केलं तर असलेली हिरवी पातीही जातात आणि नवीन फुटायला ताकद उरत नाही. खतही तेव्हाच. आत्ता खत घालून काही साधणार नाही.

गच्चीवरची

ऊन-पाण्याचं पटलं. पण 'डिसेंबरात कापू नये' हा नियम म्हणून मला मान्य नाही. भरपूर ऊन असेल तर इथे वर्षभर फुटतं, माझ्याकडे फुटतं. चहापोळी, तुमच्या बाबतीत मात्र थांबा, हे मीही म्हणेन.

काळी माती

बरोबर आहे, गच्चीत चालतं. माझं म्हणणं अशक्त झाडापुरतंच.

मेट्रोग्रस्त

घोडबंदरकर म्हणून एक भर. मेट्रोचं काम आणि आजूबाजूचे टॉवर यांची धूळ पावसाळा संपला की पानांवर थर धरून बसते. आठवड्याला एकदा सकाळी साध्या पाण्याने पाती धुवा. पांढरा कागद खाली धरून पाती झटकून बघा; हलणारे बारीक ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. कोरड्या हवेत तो फोफावतो. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीनदा मारला की बराच आटोक्यात येतो, लगेच औषधाकडे धावू नका. आणि तुमच्याकडे टँकरचं पाणी येत असेल तर टोकं करपणं त्या खारटपणामुळेही असू शकतं.

आलं घालून

धाग्यात घुसतोय, माफी. गवती चहालाही हेच लागू का? आमचा डोंबिवलीला पूर्वेच्या खिडकीत आहे, पाती पिवळी पडतायत.

काळी माती

तोही उन्हाचाच भोक्ता. पिवळी पाती बुडापासून कापा, चहात टाका. कुंडी मुळांनी गच्च भरली असेल तर फेब्रुवारीत गड्डा फोडून दोन करा. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, इथे ताईंचा प्रश्न राहून जाईल.

चहापोळी

सगळ्यांचे आभार. कागदाची परीक्षा केली, ठिपके नाहीत, धूळ मात्र भरपूर निघाली. वाईट कुंडी उलटी केली. मधला सगळा भाग कुजलाय, कडेचे थोडे फुटवे पांढऱ्या मुळांचे मिळाले, ते लावले.

आता अडचण ग्रिलची. सोसायटीने ग्रिलमध्ये कुंड्या ठेवू नका अशी नोटीस लावली आहे. लपवून ठेवू की काय करू?

कमिटी मेंबर

लपवू नका ताई. १२ इंची ओली कुंडी सहज पंधरा-वीस किलोची असते, आणि गंजलेल्या ग्रिलची पट्टी कधी सुटेल सांगता येत नाही. खाली मुलं खेळतात. आम्हीही अशीच नोटीस काढली आहे आणि शिव्याही खाल्ल्या आहेत.

काळी माती

ग्रिलची गरजच नाही. खिडकीच्या आत, काचेला लागून स्टुलावर ठेवा. या दिवसांत ऊन तिथपर्यंत पोचतं. दिवसा काच सरकवून ठेवा म्हणजे वारा लागेल, आणि आठवड्याने कुंडी अर्धी फिरवा, नाहीतर गवत एकाच बाजूला झुकेल. वाळत घातलेल्या चादरी मात्र मध्ये येऊ देऊ नका. पाडव्यानंतर उत्तरेच्या बाल्कनीत परत न्यायला हरकत नाही, पण घाई नको, ऊन तिथे नीट पडायला लागलं की मगच.

चहापोळी

स्टूल आहे. चादरींची दोरी कुठे हलवायची यावरून घरात बोलणी चालू आहेत. छोट्या कुंडीतले फुटवेही तिथेच ठेवू का लगेच?

काळी माती

नाही, ते आधी आठ-दहा दिवस उजेडात पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी. मुळं कापलेली आहेत, नवीन पातं निघताना दिसलं की खिडकीत न्या.